अमेरिकेची जुनी राजकीय व्यंगचित्रं कशी वाचावीत: सापाच्या तुकड्यांपासून गेरीमँडरपर्यंत

आठ तुकडे केलेला साप आणि खाली ‘जॉइन, ऑर डाय’ ही अक्षरं. टी-शर्टवर, झेंड्यावर किंवा एखाद्या पुस्तकात हे चित्र कधी ना कधी नजरेस पडलेलं असतं. त्याखाली बऱ्याचदा ‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातलं व्यंगचित्र’ अशी ओळ असते, आणि ती चूक आहे. हे चित्र बेंजामिन फ्रँकलिनच्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये ९ मे १७५४ रोजी छापून आलं. स्वातंत्र्याच्या घोषणेला तेव्हा २२ वर्षं अवकाश होता. फ्रँकलिन ब्रिटिश राजाचा एकनिष्ठ प्रजाजन होता, आणि ज्यांच्या भीतीने अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी एकत्र यावं असं तो सांगत होता ते फ्रेंच होते.

साप म्हणजे कोण, तुकडे म्हणजे काय, हे ओळखण्यात सहसा कुणी अडत नाही. गफलत होते ती त्याआधीच्या पायऱ्या गाळल्यामुळे. साधारण १७४७ ते १८४० या काळातली ही चित्रं सतत उसनी घेतली गेली, नव्या मथळ्याखाली पुन्हा छापली गेली, एका पक्षाची दुसऱ्याने उचलली. तेव्हा चिन्हांचा अर्थ शेवटाकडे लावायचा. आधी कागद पाहायचा, मग मजकूर, मग तारीख, मग मूळ कुणाचं ते. नीट केलं तर एका चित्राला दोन-तीन तास लागतात. इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक आणि व्यंगचित्रकलेचे अभ्यासक यांना उपयोगी पडेल अशा बेताने हा क्रम इथे मांडला आहे.

शोधायचं कुठे आणि कोणत्या शब्दाने

पहिली अडचण शोधतानाच येते. ‘कार्टून’ हा शब्द व्यंगचित्र या अर्थाने रूढ झाला तो १८४३ मध्ये, लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकामुळे. त्याआधीच्या चित्रांना त्या काळचे लोक ‘प्रिंट’ किंवा ‘कॅरिकेचर’ म्हणत. संग्रहालयांच्या सूचीतही ‘सटायर’, ‘कॅरिकेचर’, ‘ब्रॉडसाइड’ (एका बाजूला छापलेला सुटा कागद) हे शब्द टाकले की जास्त चित्रं हाती लागतात. नुसतं ‘कार्टून’ टाकून थांबलात, तर निम्मा खजिना बाहेर राहील.

वॉशिंग्टनमधली लायब्ररी ऑफ काँग्रेस, वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, फ्रँकलिनने १७३१ मध्ये स्थापन केलेली लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम हे पाच मोठे संग्रह आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसची बरीच चित्रं मोठ्या टिफ फाइलमध्ये फुकट उतरवता येतात. टिफच घ्या. शोधात दिसणाऱ्या लहान जेपेगवर काम करू नका, कारण संवादांच्या फुग्यांतली अक्षरं त्यात पुसट होतात आणि मग माणूस अंदाजाने वाचायला लागतो.

शक्य असेल तर एकाच चित्राच्या दोन वेगवेगळ्या संग्रहांतल्या प्रती उतरवा. त्या काळी रंग हाताने भरत. एका प्रतीत लाल कोट आणि दुसऱ्या प्रतीत काहीच नाही, असं सर्रास आढळतं. रंगावरून निष्कर्ष काढण्याआधी दुसरी प्रत पाहिलेली असलीच पाहिजे.

पहिली पायरी: चित्र कशावरून छापलंय

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. या काळात चित्रं मुख्यतः तीन प्रकारांनी छापली जात.

लाकडी ठसा: नको असलेला भाग खोदून काढायचा, उरलेल्या उंच रेषेला शाई लावायची. ठशाची उंची शिशाच्या खिळ्यांइतकीच ठेवलेली असे, त्यामुळे जुळाऱ्याने तो मजकुरासोबत चौकटीत बसवला की चित्र आणि बातमी एकाच दाबात छापून निघे. रेषा जाड, थोड्या ओबडधोबड आणि आजूबाजूला खिळ्यांची अक्षरं दिसली, तर ते वर्तमानपत्रातलं किंवा पुस्तिकेतलं चित्र आहे असं धरा. सापाचं चित्र असंच आहे. रुंदी जेमतेम तीन इंच.

तांब्याचा पत्रा: इथे उलटं. रेषा पत्र्यात कोरायची, खाचेत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून काढायचा आणि ओला केलेला कागद जड रुळांतून दाबून काढायचा. या दाबामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. स्कॅन मोठा केल्यावर ही चौकट बहुधा दिसते, मात्र समास कापलेला असेल तर नाही. कोरीव रेषा टोकाला निमुळती होत जाते, हीही खूण. असं चित्र मजकुराबरोबर छापता येत नसे. ते सुटं विकलं जाई किंवा मासिकात वेगळं पान म्हणून शिवलं जाई. लंडनमध्ये साध्या प्रतीला ६ पेन्स आणि रंगवलेल्या प्रतीला १ शिलिंग हा नेहमीचा भाव होता. मजुराला तो परवडणारा नव्हता. मात्र दुकानांच्या खिडकीत चित्रं लावलेली असत आणि ती बघायला पैसे लागत नसत.

शिळाछाप: गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढलेलं चित्र. खडूचा दाणेदार पोत दिसतो, दाबाची चौकट नसते, अक्षरंही हाताने काढलेली असतात. अमेरिकेत शिळाछापाची सुरुवात १८१९ मध्ये झाली आणि अँड्र्यू जॅक्सनच्या काळात, म्हणजे १८२९नंतर, राजकीय शिळाछाप चित्रांचा पूर आला. म्हणजे चित्र शिळाछाप असेल आणि त्यात १७७०ची घटना असेल, तर ते त्या काळचं असूच शकत नाही. याचं उत्तम उदाहरण म्हणजे बॉस्टनच्या हत्याकांडाचं, म्हणजे १७७० मध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचं, १८५६चं रंगीत शिळाछाप चित्र. त्यात क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा माणूस मधोमध आहे. गुलामगिरीविरुद्धची चळवळ जोरात असताना ते छापलं गेलं. १७७०च्या मूळ चित्रात अ‍ॅटक्सला असं स्थान नाही. ही दोन चित्रं शेजारी ठेवून ‘एकाच काळातले दोन दृष्टिकोन’ असं म्हणणं म्हणजे ८६ वर्षं गिळणं.

दुसरी पायरी: सगळा मजकूर उतरवून घ्या

कागद घ्या आणि चित्रातली प्रत्येक ओळ हाताने लिहून काढा: मथळा, फुगे, पाट्या, खिशातून डोकावणारे कागद, तळाची बारीक ओळ. आळस करू नका. बहुतेक चित्रांची किल्ली अशाच कागदाच्या कपट्यावर असते.

वाचताना चार गोष्टी आडव्या येतात. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब असे आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. ‘एफ’ला मधली दांडी आरपार असते, लांब ‘एस’ला ती नसते किंवा फक्त डावीकडे असते. दुसरं म्हणजे, बदनामीच्या खटल्याची भीती असल्याने नावांतली मधली अक्षरं गाळून तिथे रेघ मारत. बॉस्टनच्या पॉल रिव्हिअरने कोरलेल्या त्याच हत्याकांडाच्या चित्राखालच्या कवितेत सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याचं नाव पहिलं आणि शेवटचं अक्षर एवढंच आहे. तिसरं, शब्द उलटे लिहिलेले असू शकतात. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या सरकारने डिसेंबर १८०७ मध्ये परदेशी व्यापारावर बंदी घातली, तिला ‘एम्बार्गो’ म्हणत. अलेक्झांडर अँडरसनच्या चित्रात एक कासव तंबाखूचं पिंप ब्रिटिश जहाजाकडे नेणाऱ्या व्यापाऱ्याचा पार्श्वभाग दातात धरतं, आणि व्यापारी ‘ओग्राबमी’ला शिव्या घालतो. शब्द मागून वाचला की एम्बार्गो, आणि तोडून वाचला की ‘अरे, मला पकड’.

चौथी गोष्ट तळाच्या ओळीतल्या लॅटिन संक्षेपांची. नावापुढे ‘डेल.’ असेल तर तो चित्र काढणारा, ‘स्कल्प.’ असेल तर कोरणारा, ‘इन्व्ह.’ असेल तर कल्पना ज्याची तो. ब्रिटनमध्ये १७३५च्या कायद्याने कोरीव चित्रांना संरक्षण मिळालं, पण पत्र्यावर प्रकाशकाचं नाव आणि तारीख कोरलेली असेल तरच. म्हणून लंडनच्या चित्रांवर तारीख बहुधा सापडते. वसाहतींत छापलेल्या चित्रांवर ती बऱ्याचदा नसते आणि मग पुढची पायरी अवघड होते.

तारीख, आणि तीही आठवड्यापर्यंत

वर्ष कळलं म्हणजे तारीख कळली असं नाही. त्या अंकात चित्राशेजारी कोणती बातमी होती, आधीच्या चार आठवड्यांत काय घडलं आणि पुढच्या चार आठवड्यांत काय व्हायचं होतं, याची एक छोटी पट्टी काढा.

सापासाठी ती अशी निघते. १७ एप्रिल १७५४ रोजी ओहायो नदीच्या संगमावरचा, म्हणजे आजच्या पिट्सबर्गच्या जागेवरचा, अर्धवट बांधलेला ब्रिटिश किल्ला फ्रेंचांच्या ताब्यात गेला. ९ मे रोजी फ्रँकलिनने ती बातमी छापली आणि तिच्यासोबत हा ठसा. जूनमध्ये ऑल्बनीला वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद भरायची होती आणि फ्रँकलिन तिथे एकीची योजना घेऊन जाणार होता. आता चित्र पुन्हा पाहा. ते परिषदेआधीचं आवाहन आहे.

तुकडे मोजायलाही विसरू नका. वसाहती तेरा आणि तुकडे आठ, हे का? डोक्यावर न्यू इंग्लंड लिहिलंय, त्यात चार वसाहती आल्या. पुढे न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि शेपटीला साउथ कॅरोलायना. झाल्या अकरा. डेलावेअरचा गव्हर्नर पेन्सिल्व्हेनियाचाच असल्याने ती वेगळी दाखवलेली नाही, आणि अगदी नवी, विरळ वस्तीची जॉर्जिया गाळलेली आहे. तुकड्यांचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे किनाऱ्याने जातो, तेव्हा साप एका परीने नकाशाही आहे. कापलेल्या सापाचे तुकडे सूर्यास्ताआधी जोडले तर तो पुन्हा जिवंत होतो, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. ती माहीत नसेल तर ‘जोडले जा, नाहीतर मरा’ या ओळीतली घाई कळत नाही.

हाच साप पुढे छापील कागदांवर कर लावणाऱ्या ब्रिटिशांच्या स्टॅम्प अ‍ॅक्टविरुद्ध सप्टेंबर १७६५च्या ‘कॉन्स्टिट्यूशनल कूरंट’मध्ये आला. जुलै १७७४ मध्ये रिव्हिअरने ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’च्या नावाच्या पट्टीत तो ब्रिटिश ड्रॅगनसमोर उभा केला. तिथे तुकडे नऊ आहेत, कारण जॉर्जिया जोडली गेली. ‘स्वातंत्र्याचा साप’ म्हणायचंच असेल तर या तिसऱ्या अवताराला म्हणा.

मोजणीवरून तारीख ठरवण्याचं आणखी एक छान उदाहरण म्हणजे १७८८ मधली ‘मॅसॅच्युसेट्स सेंटिनेल’मधली खांबांची मालिका. जे राज्य नवी राज्यघटना मान्य करील त्याचा एक खांब उभा राही. जानेवारीतल्या चित्रात पाच खांब उभे आणि मॅसॅच्युसेट्सचा सहावा चढतोय. ऑगस्टमधल्या चित्रात अकरा उभे, नॉर्थ कॅरोलायनाचा तिरका आणि ऱ्होड आयलंडचा तुटका. खांब मोजले की महिना सापडतो. झेंड्यावरच्या चांदण्यांवरून मात्र असं करायला जाऊ नका. चित्रकार चांदण्यांच्या बाबतीत फार बेफिकीर होते.

मूळ कुणाचं?

आता सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न. वसाहतींत तांब्यावर कोरणारे हात मोजके होते. रिव्हिअर व्यवसायाने चांदीकाम करणारा. भांड्यांवर नक्षी कोरता येई म्हणून पत्राही कोरता येई. रचना सुचणं ही वेगळी गोष्ट, आणि ती बऱ्याचदा लंडनहून येई.

‘द एबल डॉक्टर’ हे चित्र घ्या. १७७४ च्या वसंतात ते ‘लंडन मॅगझिन’मध्ये आलं. अमेरिका म्हणजे एक मूळनिवासी स्त्री, तिला जमिनीवर पाडलंय. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ किटलीतून तिच्या तोंडात चहा ओततोय, आणि ती तो त्याच्याच तोंडावर थुंकतेय. नॉर्थच्या खिशातून बॉस्टन बंदर बंद करण्याच्या विधेयकाचा कागद डोकावतो. एकाने तिचे हात दाबलेत, दुसरा तिचा झगा उचलून आत बघतोय. ब्रिटानियाने, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीने, तोंड फिरवलंय. फ्रान्स आणि स्पेन बाजूला उभे राहून पाहताहेत. जूनमध्ये रिव्हिअरने हेच चित्र बॉस्टनच्या ‘रॉयल अमेरिकन मॅगझिन’साठी कोरलं आणि किटलीवर ‘टी’ हा शब्द घातला. एवढी एक भर. चित्रातला राग मुळात लंडनमधल्या सरकारविरोधकांचा होता. बॉस्टनने तो आपला म्हणून उचलला. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. डिसेंबर १७७३ मध्ये जिचा चहा आंदोलकांनी बॉस्टनच्या खाडीत फेकला, तीच कंपनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावाशी तह करून मराठ्यांच्या राजकारणात शिरली. तारखांची पट्टी काढताना ही बाजू मराठी वाचकाला आपोआप दिसते, ती नोंदवून ठेवायला हरकत नाही.

मूळ न शोधल्याने सगळ्यात वाईट फसगत होते ती ‘ए सोसायटी ऑफ पेट्रिऑटिक लेडीज’ या चित्रात. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडंटन गावच्या स्त्रियांनी ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराला सह्या करून पाठिंबा दिला. आज हे चित्र त्यांच्या गौरवासाठी वापरलं जातं. पण ते लंडनमध्ये मार्च १७७५ मध्ये छापलेलं, त्यांची टर उडवणारं चित्र आहे. चेहरे पाहा, टेबलाखाली कुणाचंही लक्ष नसलेलं मूल पाहा, टोप्यांत ओतला जाणारा चहा पाहा. बायका राजकारणात पडल्या की घर कसं विस्कटतं, हे लंडनच्या गिऱ्हाईकाला दाखवायचं होतं. फिलिप डॉ याच्या नावावर असलेलं डांबर-पिसांचं चित्रही लंडनचंच. बॉस्टनचे लोक करवसुली अधिकाऱ्याला डांबर फासून, वर पिसं चिकटवून जबरदस्तीने चहा पाजताहेत आणि मागे ‘लिबर्टी ट्री’वर स्टॅम्प अ‍ॅक्टचा कागद उलटा टांगलाय. त्या माणसांच्या चेहऱ्यांवरचं क्रूर हसू चित्रकाराची बाजू सांगतं.

चिन्हं

आता चिन्हांकडे या. शब्दकोश लावावा तसे अर्थ लावू नका. एका चिन्हाचे काळानुसार दोन-तीन अर्थ असतात.

काठीवरची मऊ टोपी म्हणजे स्वातंत्र्य. रोममध्ये मुक्त केलेल्या गुलामाला ती घालत. मूळनिवासी स्त्री म्हणजे बहुधा अमेरिका, पुढे तिची जागा हळूहळू ग्रीक वेशातली कोलंबिया घेते. ही मूळनिवासी स्त्री प्रत्यक्षातल्या कुठल्याही जमातीचं चित्रण नाही, ती युरोपीय चित्रकारांच्या कल्पनेतली आहे, हे वर्गात शिकवताना स्पष्ट सांगा. बूट दिसला तर ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेला लॉर्ड ब्यूट आठवा: त्याच्या नावाचा आणि बुटाचा उच्चार जवळचा, आणि मराठीत ही कोटी आयती टिकते. ४५ हा आकडा म्हणजे ब्रिटिश सरकारवर टीका करणाऱ्या जॉन विल्क्सच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राचा १७६३चा ४५ वा अंक, ज्यासाठी त्याला पकडलं. ९२ म्हणजे १७६८ मध्ये राजाच्या हुकुमापुढे न झुकलेले मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीगृहाचे ९२ सदस्य. झुकलेल्या १७ जणांना रिव्हिअरने एका चित्रात नरकाच्या जबड्यात ढकललंय.

गरुड राजमुद्रेवर आला तो जून १७८२ मध्ये. त्याआधीच्या चित्रातला गरुड अमेरिकाच असेल असं धरू नका. चांदण्यांचा कोट घातलेला ‘अंकल सॅम’ १८१२च्या युद्धानंतर हळूहळू आकाराला आला. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती तर १८७४चा. या काळातल्या चित्रात हत्ती दिसला तर तो दुसरं काहीतरी सांगतोय.

राजमुकुटाचा अर्थ कसा सरकतो तेही पाहण्यासारखं आहे. १७७०च्या दशकात मुकुट म्हणजे जॉर्ज तिसरा. १८३३च्या ‘किंग अँड्र्यू द फर्स्ट’ या शिळाछाप चित्रात तोच मुकुट राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या डोक्यावर आहे, हातात नकाराधिकाराचा कागद, पायाखाली फाटलेली राज्यघटना. विरोधकांनी मुद्दाम जुना राग नव्या माणसावर वळवला.

चित्र आणि पुरावा समोरासमोर

रिव्हिअरचं ‘द ब्लडी मॅसेकर’ या सरावासाठी सगळ्यात चांगलं. ५ मार्च १७७० च्या रात्री बॉस्टनच्या किंग स्ट्रीटवर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. एकूण पाच जण गेले: सॅम्युअल ग्रे, जेम्स कॉल्डवेल आणि क्रिस्पस अ‍ॅटक्स जागीच, सॅम्युअल मॅव्हरिक दुसऱ्या दिवशी, पॅट्रिक कार १४ मार्चला.

कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे चित्रात काय दिसतं, उजवीकडे साक्षीपुराव्यात काय आहे.

चित्रात सैनिक सरळ रांगेत उभे राहून एकाच वेळी झाडताहेत, आणि मागे कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय. खटल्यात हुकूम दिल्याचं सिद्ध झालं नाही. ऑक्टोबरमध्ये प्रेस्टन सुटला. चित्रात समोरची माणसं निःशस्त्र, गयावया करणारी. साक्षींमध्ये बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या आणि ढकलाढकली आहे. चित्रात आकाश निळं आणि कोपऱ्यात चंद्रकोर. घटना रात्री नऊच्या सुमाराची, रस्त्यावर बर्फ. कस्टम हाउसच्या इमारतीवर ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटीकखाना, अशी पाटी आहे. ती पाटी तिथे कधीच नव्हती. त्याच इमारतीच्या खिडकीतून एक बंदूक धूर सोडतेय, म्हणजे जकात अधिकारीही सामील होते असा आरोप. समोर एक कुत्रा शांत उभा आहे.

घड्याळाकडेही पाहा. पहिल्या काही प्रतींत काटे एका वेळेवर आहेत आणि नंतर पत्रा दुरुस्त करून वेळ बदललेली आहे. यावरून हातातली प्रत आधीची की नंतरची ते कळतं.

तळाला रिव्हिअरने लिहिलंय की हे त्याने कोरलं, छापलं आणि विकलं. ‘काढलं’ असं लिहिलेलं नाही. मूळ रेखाटन हेन्री पेलम या तरुण चित्रकाराचं होतं. त्याने २९ मार्चला रिव्हिअरला पत्र लिहून, हमरस्त्यावर लुटल्यासारखं वाटतंय अशी तक्रार केली. पेलमच्या प्रती यायच्या आत रिव्हिअरच्या बाजारात होत्या. त्याच्या हिशेबाच्या वहीत २०० प्रती छापून घेतल्याची नोंद आहे.

या टप्प्यावर विद्यार्थी बहुधा म्हणतात, ‘म्हणजे हे चित्र खोटं आहे, सोडून द्या.’ सोडू नका. सैनिकांचं काय झालं, याचा पुरावा म्हणून ते कच्चं आहे. सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला, आणि त्यांची बाजू जॉन अ‍ॅडम्सने मांडली, हे तुम्हाला खटल्याच्या कागदांतूनच कळेल. पण घटनेनंतर तीन आठवड्यांत बॉस्टनच्या देशभक्तांना लोकांच्या डोळ्यांसमोर काय उभं करायचं होतं, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही. उजव्या भागातली प्रत्येक विसंगती म्हणजे त्यांनी मुद्दाम केलेली निवड. ती का केली असेल, हे एकेका ओळीत लिहा. तुमच्या टिपणाचा गाभा तोच.

नकाशा हाताशी घेऊन: गेरीमँडर

२६ मार्च १८१२च्या ‘बॉस्टन गॅझेट’मधलं ‘द गेरी-मँडर’ हे चित्र नकाशाशिवाय वाचूच नका. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरीने फेब्रुवारीत राज्य सिनेटच्या मतदारसंघांची नवी आखणी मंजूर केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ असा वळणावळणाचा झाला, की विरोधी फेडरलिस्टांना त्यात प्राणी दिसला.

एसेक्सचा जुना नकाशा उघडा आणि गावं जोडत जा: खाली चेल्सी, लिन, मार्बलहेड, सेलम, तिथून वर अँडोव्हर, मेथुएन, हेव्हरिल, मग पूर्वेला वळून एम्सबरी आणि सॉल्सबरी. ही बाह्यरेषा खरी आहे. पंख, नख्या आणि दात चित्रकाराने जोडलेत. चित्रकार एल्काना टिस्डेल मानला जातो. चित्राचं बळ या मिश्रणात आहे, आणि ते दाखवायला खरी रेषा एका रंगाने, जोडलेली दुसऱ्या रंगाने गिरवून पाहा. पाच मिनिटांचं काम, पण वर्गात याने जेवढं समजतं तेवढं तासभर बोलून समजत नाही.

आकडेही शेजारी ठेवा. त्या वर्षीच्या सिनेट निवडणुकीत फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं आणि ११ जागा मिळाल्या. गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मतं आणि २९ जागा. गेरी स्वतः मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपद हरला. उच्चाराची एक गोष्ट: माणसाचं नाव ‘गेरी’, त्यातला ‘ग’ गाढवातला. आज इंग्रजीत त्या शब्दाचा उच्चार ‘जेरी’ करतात. मराठीत लिहिताना माणसाला ‘जेरी’ करू नका.

चित्राखालची ओळ

शेवटी चित्र वापरताना त्याखाली काय लिहायचं, ते. ओळीत पाच गोष्टी हव्यात: मूळ मथळा, चित्र कुणी काढलं किंवा कोरलं (ठाम माहीत नसेल तर ‘मानलं जातं’), कुठे आणि कोणत्या तारखेला छापलं, कोणत्या पद्धतीने, आणि कोणत्या संग्रहातली प्रत, तिच्या क्रमांकासह. कोट्यांचं मराठी करताना मूळ शब्द देवनागरीत ठेवून अर्थ पुढे सांगा. ओग्राबमीला मराठी प्रतिशब्द घडवायला गेलात तर कासवही हातचं जाईल. चित्र कापून वापरू नका. विशेषतः तळाची ओळ आणि कोपऱ्यातल्या आकृती ठेवा. अपमानास्पद पद्धतीने काढलेली कृष्णवर्णीय किंवा मूळनिवासी माणसं चित्रात असतील, तर ती लपवण्यापेक्षा त्याबद्दल एक वाक्य लिहा.

‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातलं व्यंगचित्र’ या ओळीच्या जागी आता असं लिहिता येईल: ‘जॉइन, ऑर डाय. लाकडी ठसा, बेंजामिन फ्रँकलिनच्या पेन्सिल्व्हेनिया गॅझेटमधून, फिलाडेल्फिया, ९ मे १७५४. फ्रेंचांविरुद्ध वसाहतींच्या एकीचं आवाहन. प्रत: लायब्ररी ऑफ काँग्रेस,’ आणि पुढे तुम्ही फाइल उतरवताना जपून ठेवलेला क्रमांक.